ऑफिसचा भाग वगळून

माजी विद्यार्थ्यांच्या लेखनाचा एक अंक काढायचे आमच्या मराठी विभागाने काही वर्षांपूर्वी ठरवले आणि संपादन माझ्याकडे आले. असे अंक ज्यांनी काढले आहेत त्यांना त्यांत काय येते ते सांगायला नको. आईवरच्या कविता, पावसावरच्या कविता, पावसात आठवलेल्या आईवरच्या कविता, एखादे हिमालयाचे प्रवासवर्णन, आणि प्राध्यापकांविषयीच्या कृतज्ञ आठवणी (त्यांत आपण स्वतः असल्यामुळे त्या कापायला हात धजत नाही). त्या वर्षीच्या गठ्ठ्यात एक जाड पाकीट होते. पाठवणारा वाणिज्य शाखेचा. माझ्या वर्गात तो कधी बसला नव्हता, पण वाङ्मय मंडळाच्या कार्यक्रमांना शेवटच्या बाकावर हटकून असे. आता तो मुलुंडला राहतो आणि कारखान्यांना सल्ला देतो. कोणत्या विभागात किती माणसे लागतात, कोणते काम किती सेकंदांत व्हायला हवे, माल कुठे अडतो, हे पाहून अहवाल लिहायचा, असा त्याचा व्यवसाय. पाकिटात चौसष्ट पानांची रोजनिशीवजा टिपणे होती.

त्यांत तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या: दिवसाचे काम, रात्रीचे वाचन आणि घर. सकाळी हातात घड्याळ घेऊन यंत्राशेजारी उभे राहायचे, दुपारी मालकाच्या वातानुकूलित खोलीत आकडे मांडायचे, संध्याकाळी मुलीला अपूर्णांक शिकवायचे आणि ती झोपल्यावर वाचायला बसायचे. वडील एके काळी लालबहादूर शास्त्री मार्गावरच्या एका कारखान्यात यंत्रावर होते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसलेले. मुलगा नेमका काय काम करतो हे त्यांनी कधी विचारले नाही, आणि ह्याने कधी सांगितले नाही. हे न विचारणे आणि न सांगणे चौसष्ट पानांत सतत जाणवत होते.

तेविसाव्या पानावर त्याने एका अहवालाविषयी लिहिले होते. मालाची बांधणी करणाऱ्या विभागात अडतीस माणसे होती. सतरा पुरतील, असे त्याच्या मोजणीतून निघाले. अहवालात नावे नसतात, पदे असतात. पण मोजणी करताना त्याने ती माणसे पाहिली होती. एकाने त्याला चहा दिला होता आणि विचारले होते, "साहेब, घड्याळ मला लावलंय की मशिनला?" त्या प्रश्नाला आपण हसलो, एवढेच त्याने पुढे लिहिले होते. मग त्या रात्री काय वाचले, मुलीने कोणते गणित चुकवले, वडिलांनी रेडिओ किती वाजता बंद केला.

मी लाल पेन घेऊन बसले. तेविसाव्या पानाच्या समासात लिहिले, "रुक्ष." तिसाव्या पानावर, "तांत्रिक तपशील टाळावा." पुढे कुठेतरी, "ललित अंगाने यावे." फोनवर त्याला सांगितले की वाचनाविषयीचे आणि मुलीविषयीचे फारच सुरेख आहे, ऑफिसचा भाग तेवढा वगळू या.

तो म्हणाला, "मॅडम, ऑफिसचं काढलं तर उरतं काय?"

मी म्हणाले, "अरे, उरतं तेच वाङ्मय."

हे वाक्य मी मोठ्या खुशीत उच्चारले होते, हे इथे नोंदवायलाच हवे. अकरा पाने छापून आली. सहकाऱ्यांनी वाखाणली, एकांनी तर "किती तरल" असे म्हटले. काही महिन्यांनी तो घाटकोपर स्थानकाच्या पुलावर, मेट्रोकडे लोटणाऱ्या गर्दीत अचानक भेटला. आभार मानले, आणि म्हणाला, "छान दिसतंय छापलेलं. फक्त तो माणूस सुट्टीवर असल्यासारखा वाटतो." त्यानंतर त्याने काही लिहिले नाही. विचारले तर म्हणतो, वेळ होत नाही.

हा लेख त्या सुट्टीवरच्या माणसाविषयी आहे. माझे म्हणणे असे की मराठीतल्या पांढरपेशा ललित गद्याचा नायक गेली नव्वदएक वर्षे सुट्टीवर आहे, आणि त्याची रजा मंजूर करणारे आम्ही, म्हणजे मराठीचे प्राध्यापक, आहोत.

ह्याचे मूळ लघुनिबंधात शोधावे लागते. फडके, खांडेकर, काणेकर ह्यांनी हा प्रकार मराठीत रुजवला, आणि गप्पा मारणारा, खेळकर, किंचित विक्षिप्त असा एक 'मी' त्याच्या केंद्रस्थानी बसवला. फडक्यांनी आपल्या निबंधांना 'गुजगोष्टी' म्हटले, ते नाव त्या 'मी'ला नेमके शोभते. गुजगोष्टी फुरसतीत होतात. हा 'मी' आरामखुर्चीत असतो, फिरायला निघालेला असतो, आगगाडीच्या खिडकीशी असतो. तो पोटासाठी काय करतो हे विचारणे असभ्यपणाचे वाटावे अशी त्या गद्याची बैठकच आहे. गंमत अशी की लिहिणारे सारे कामाची माणसे होते. फडके महाविद्यालयात तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र शिकवत, काणेकर वकिलीची पदवी घेतलेले. पण वर्ग आणि कचेरी उंबऱ्याबाहेर चपला काढाव्यात तशी काढून ठेवूनच ते निबंधात शिरत. पुढे ललित निबंधाने लघुनिबंधाचा नखरा टाकला, भाषा खोल केली, निसर्ग आणि स्मृती आणली. चपला मात्र बाहेरच राहिल्या.

इरावती कर्वे ह्यांचा अपवाद इथे कुणीतरी पुढे करील, आणि तो मोठाच आहे. 'परिपूर्ति' (१९४९) आणि 'भोवरा' (१९६०) ह्यांतील 'मी' डेक्कन कॉलेजात संशोधन करणारी, हिंडणारी, मोजमापे घेणारी बाई आहे. पण आम्ही वर्गात काय शिकवतो? 'परिपूर्ति' हा शीर्षकलेख: सभेत कुणाची सून, कुणाची पत्नी अशी ओळख करून दिली जाते आणि अखेर रस्त्यावरची मुले त्यांना आपल्या वर्गातल्या मुलाची आई म्हणून ओळखतात, तिथे लेख पुरा होतो. ह्या लेखातला मिस्कील काटा बाजूला सारून मातृत्वाचा महिमा म्हणून तो शिकवला जातो. ओळखींच्या त्या यादीतला मानववंशशास्त्रज्ञाच्या कामाचा ताण कुठे गेला, हा प्रश्न माझ्या पाहण्यात कुठल्याही प्रश्नपत्रिकेत आलेला नाही. मी काढलेल्या प्रश्नपत्रिकांतही नाही.

असे म्हटले जाईल की मराठीत कामाचे वाङ्मय अमाप आहे, हिला ते दिसत नाही. दिसते. तिथूनच माझी तक्रार सुरू होते. संतांचे अभंग उघडावेत. सावता माळी, गोरा कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार ह्यांची नावेच धंद्याची आहेत, आणि धंद्याचे शब्द त्यांच्या भक्तीच्या भाषेत राजरोस येतात. एकनाथांची ती आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे: देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशेब ठेवताना एका पैची चूक लागेना, रात्रभर बसून ती सापडली तेव्हा नाथांनी आनंदाने टाळी वाजवली. ह्या गोष्टीचा शेवट आम्ही गुरूच्या उपदेशाशी नेऊन भिडवतो. पण ज्याने मार्चअखेरीस ताळेबंद जुळवला आहे त्याला विचारा, त्या टाळीत काय असते ते. समर्थांनी तर दासबोधात लेखनक्रियेवर, अक्षर, शाई, कागद ह्यांवर एक समासच घातला. त्यांना तो 'तांत्रिक तपशील' वाटला नाही.

पुढे नारायण सुर्वे आले. 'माझे विद्यापीठ' (१९६६) ह्या नावातच शिकणे आणि राबणे एकत्र आहे. दया पवारांच्या 'बलुतं'चे (१९७८) नाव म्हणजे कामाच्या मोबदल्याच्या एका व्यवस्थेचे नाव. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तून स्वयंपाक, पाणी, आजारपणे, पाहुणे काढून टाका आणि काय उरते ते पाहा. घरकामाचे वाङ्मय बायकांनी लिहिले, हातकामाचे श्रमिकांनी लिहिले, आणि ते थोर आहे असे आम्ही उचितपणे शिकवतो. मग खुर्चीत बसून कागदावर केल्या जाणाऱ्या कामाचे काय? ते कारकुनाच्या रूपाने विनोदात गेले. 'असा मी असामी'तला धोंडो भिकाजी कंपनीत नोकरी करतो. त्याची पत्नी, पोरे, शेजारी, धोतर, पाटलोण सारे आपल्याला पाठ आहे, पण दिवसभर तो कोणत्या वहीत काय लिहितो आणि त्या लिहिण्याने कुणाचे काय होते, हे आपण कधी विचारले नाही. तो विनोदी असल्यामुळे विचारायचे कारण पडले नाही. मर्ढेकरांच्या कवितेत शहरातल्या माणसाचा यांत्रिक दिवस आला खरा. पण आम्ही तो इतक्या घाईने 'आधुनिक मानवाची विफलता' ह्या शीर्षकाखाली घातला की त्या दिवसात काही विशिष्ट काम होते हे विसरून गेलो.

ह्या मोकळ्या जागेचे मोल मला घाटकोपरमुळे कळले. चिरागनगरमध्ये अण्णा भाऊ साठे राहत होते. मुंबईच्या उपनगराने मराठीला दिलेला सर्वांत मोठा लेखक तिथल्या झोपडीत होता, आणि माझ्यासारख्या पूर्वेकडून पश्चिमेकडे रोज पूल ओलांडणाऱ्या किती प्राध्यापकांच्या ते ध्यानात असते कुणास ठाऊक. त्यांची 'स्मशानातलं सोनं' ही कथा मी अनेक वर्षे शिकवते आहे. उपनगराच्या कडेला राहणारा, दगडाच्या खाणीत काम करणारा भीमा. खाण बंद होते, काम जाते, आणि तो मसणवट्यातली राख चाळून, प्रेते उकरून सोने शोधू लागतो. अखेर प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे जातात. ही कथा शिकवताना मी दरवर्षी 'बेकारीचे दाहक चित्रण' असे फळ्यावर लिहिते. त्या वर्षी लिहिता लिहिता खडू थांबला. खाण बंद होते, असे आपण म्हणतो. खाण आपोआप बंद होत नाही. कुणीतरी मोजलेले असते, कुणीतरी कागद केलेला असतो, त्याखाली कुणाची तरी सही असते. तो माणूसही रात्री घरी जातो, मुलीला अपूर्णांक शिकवतो. कदाचित अण्णा भाऊंची कथा वाचतो. तो मराठी साहित्यात कुठे आहे?

भीमा आहे. गिरणी संपानंतर मोडून पडलेली घरे आहेत. जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये (१९९७) ती रंगमंचावर आणली, आणि 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर'मधल्या कथांत (२०१०) गिरणगावाच्या जागी उभे राहिलेले नवे शहरही आणले. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन'मध्ये सत्ता आहे, भांडवल आहे, कामगार पुढारी आहेत. पण सत्तेच्या आणि भीमाच्या मधला जो कागद करणारा, मोजणारा, सल्ला देणारा सुशिक्षित मराठी माणूस, आमच्याच वर्गांतून पदव्या घेऊन अंधेरीच्या सीप्झमध्ये, मुलुंडच्या औद्योगिक वसाहतींत, बोरिवलीहून सुटणाऱ्या सकाळच्या जलद गाडीत भरून जाणारा, तो स्वतःविषयी लिहायला बसला की आम्ही त्याला सांगतो: मुलीविषयी लिही, पुस्तकांविषयी लिही, पावसाविषयी तर लिहीच.

माझ्या हातात अशी चौसष्ट पाने आली होती. मी त्यांतली त्रेपन्न कापली.

गंगाधर गाडगीळांचे उदाहरण इथे सविस्तर घ्यायला हवे, कारण आमच्या विभागांनी त्यांच्या बाबतीत हेच केले, आणि ते तर मोठे लेखक होते. गाडगीळ म्हणजे नवकथा, हे समीकरण बी.ए.च्या विद्यार्थ्यालाही पाठ असते. 'मानसचित्रे', 'कडू आणि गोड', 'नव्या वाटा', 'तलावातले चांदणे'. सोबत गोखले, भावे, माडगूळकर. मग मनोविश्लेषण, संज्ञाप्रवाह, प्रतिमांचा वापर, आणि दहा गुणांचे उत्तर पूर्ण होते. ह्या उत्तरात गाडगीळांचे वय तिशीच्या आसपास गोठलेले असते. प्रत्यक्षात ते १९२३ ते २००८ असे पंचाऐंशी वर्षांचे आयुष्य जगले, आणि त्या आयुष्यात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. विलेपार्ल्याला १९६४ साली सुरू झालेल्या नरसी मोनजी वाणिज्य महाविद्यालयाचे ते पहिले प्राचार्य. १९७१ नंतर त्यांनी अध्यापन सोडले आणि ते उद्योगसमूहांचे आर्थिक सल्लागार झाले, आधी आपट्यांचे, पुढे वालचंदांचे. म्हणजे मराठी नवकथेचा अग्रणी आयुष्याच्या उत्तरार्धात नेमके तेच काम करीत होता ज्याला मी 'रुक्ष' म्हटले.

हे सारे आम्ही 'लेखकपरिचय' नावाच्या परिच्छेदात कोंबतो आणि पुढे जातो. त्या कामाचा आणि लेखनाचा काही संबंध असेल का, असे विचारत नाही, कारण आमच्या मनात तो नसतो हे आधीच ठरलेले असते. मला तो दिसतो. चाळीतल्या माणसांवर गाडगीळांनी लिहिले तेव्हाच त्यांची नजर जागेच्या टंचाईवर, पैशाच्या ओढाताणीवर आणि त्यांतून माणसे कशी आक्रसतात ह्यावर होती. 'किडलेली माणसे' ही कथा केवळ मनोविश्लेषणाने उलगडत नाही. आणि 'प्रारंभ' (२००२) ही ऐंशीच्या उंबरठ्यावर लिहिलेली कादंबरी पाहावी. तिचा विषय जगन्नाथ शंकरशेट आणि त्यांची मुंबई. व्यापारी घराण्यातला, शाळा काढणारा, आगगाडी आणणाऱ्या कंपनीच्या पहिल्या संचालकांपैकी एक असणारा माणूस. संस्था कशा उभ्या राहतात, पैसा कुठून येतो, कागद कुणाकडे अडतो, ह्याचे एवढे कुतूहल निव्वळ 'प्रतिभे'तून येत नाही. ते संचालक मंडळांच्या बैठका पाहिलेल्या माणसाचे कुतूहल आहे. 'प्रारंभ'वर लिहिताना आम्ही मात्र 'ऐतिहासिक चरित्रात्मक कादंबरी' हा खण काढतो आणि ऐतिहासिक सत्य व कल्पित ह्यांच्या प्रमाणाची चर्चा करतो.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही परीक्षेत विचारली जाणार नाही. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचे गाडगीळ अनेक वर्षे अध्यक्ष होते. उपनगरांतल्या ज्या घरांत महिन्याची यादी भरून दिली जाई आणि ठरल्या दिवशी साखर, डाळी, तेल एखाद्याच्या दिवाणखान्यात येऊन गटातल्या कुटुंबांत वाटले जाई, त्या घरांना हे नाव माहीत आहे. नवकथाकार, सल्लागार, आणि तूरडाळीच्या वाटपाचा विचार करणारा कार्यकर्ता हा एकच माणूस होता. 'एका मुंगीचे महाभारत' ह्या आत्मचरित्राला १९९६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, म्हणून त्याचे नाव एका गुणाच्या प्रश्नात येते. नावातली मुंगी आम्ही नम्रतेची खूण म्हणून समजावतो. मुंगी दिवसभर काय करते, हे बालवाडीतले मूलही सांगेल.

श्री. ना. पेंडसे ह्यांची गत ह्याहून मासलेवाईक आहे. गारंबीचा बापू, रथचक्र, तुंबाडचे खोत. पेंडसे म्हणजे कोकण, पेंडसे म्हणजे प्रादेशिक कादंबरी. हा माणूस मुंबईत बेस्टमध्ये नोकरी करत होता, आणि त्याने बेस्ट उपक्रमाची कथाही लिहिली. ट्रामगाड्या, वीज, बसगाड्या ह्यांच्या, म्हणजे ज्या व्यवस्थेने ह्या शहराला घडवले तिच्या इतिहासाचे पुस्तक एका अव्वल मराठी कादंबरीकाराच्या नावावर आहे. आमच्यापैकी किती जणांनी ते हाताळले आहे? 'लव्हाळी' (१९६६) ही मुंबईतल्या मध्यमवर्गाची रोजनिशीच्या घाटातली कादंबरीही 'पेंडशांची वेगळ्या वाटेने गेलेली' म्हणून कडेला ठेवली जाते. एखाद्याचा प्रदेश कोकण असू शकतो. कचेरी हा कुणाचा प्रदेश असू शकत नाही, असा हा न्याय आहे.

परदेशी लेखकांच्या बाबतीत आमचे मन एकदम मोठे होते. तौलनिक साहित्याच्या पत्रिकेत काफ्का आला की आम्ही अंगात आल्यासारखे बोलतो. प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत १९०८ ते १९२२ हा मनुष्य नोकरी करत होता, लाकूड रंधण्याच्या यंत्रावर बोटे तुटू नयेत म्हणून दंडगोल कसा असावा ह्याचा सचित्र अहवाल त्याने लिहिला, आणि 'द ट्रायल'मधली न संपणारी दालने त्या नोकरीशिवाय कल्पिता येत नाहीत, हे आम्हीच विद्यार्थ्यांना सांगतो. एलियट 'द वेस्ट लँड' लिहीत असताना लॉइड्स बँकेत होता, हे सांगताना आमचा आवाज कौतुकाने ओला होतो. प्रीमो लेवी तर रसायनतज्ज्ञ. 'द पिरिऑडिक टेबल'मध्ये (१९७५) त्याने रंगाच्या कारखान्यात घट्ट होऊन बसलेल्या रंगाचे कोडे कसे सोडवले हे एका प्रकरणात लिहिले आहे: चूक कुठे झाली, कोणते रसायन घातल्यावर रंग पुन्हा पातळ झाला, आणि मूळ कारण संपल्यावरही ते रसायन वर्षानुवर्षे कसे घातले जात राहिले, कारण का घालायचे हे कुणालाच आठवत नव्हते. संस्था आणि स्मृती ह्यांविषयी इतके मार्मिक मी फार थोडे वाचले आहे. लेवीने ती पाने आमच्या अंकासाठी पाठवली असती तर मी समासात काय लिहिले असते, ह्याबद्दल मला तरी शंका नाही.

आता प्रतिपक्ष. माझे एक ज्येष्ठ सहकारी ह्यावर म्हणतात, "बाई, तुम्ही दार उघडाल आणि आत येतील कोण? यशोगाथा!" त्यांचे म्हणणे खोटे नाही. निवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रे मी वाचली आहेत. प्रत्येक अडचणीवर लेखकाने मात केलेली, प्रत्येक वरिष्ठाने पाठ थोपटलेली, शेवटी परदेश दौऱ्याची छायाचित्रे. नेमाड्यांनी लेखकाचा लेखकराव कसा होतो ह्यावर जे झोडपून काढले, त्याच्या चालीवर कर्मचाऱ्याचा साहेबराव कसा होतो ह्यावर एक प्रबंध सहज होईल. त्या पुस्तकांतही काम नसतेच, हे मात्र सहकाऱ्यांच्या ध्यानात आलेले नाही. तिथे पदे असतात, बढत्या असतात. ज्या कामाविषयी करणाऱ्यालाच शंका आहे, जे नीट केल्यामुळेच कुणाचे तरी नुकसान होते, आणि जे केल्यावर वडिलांसमोर बसून जेवायचे असते, ते काम यशोगाथेत येऊच शकत नाही. सुट्टीवरचा तरल माणूस आणि यशाच्या शिखरावरचा साहेबराव ही एकाच दुर्लक्षाची दोन पिल्ले आहेत. साहेबरावाला आम्ही हसतो. तरल माणसाला अभ्यासक्रमात घेतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो माझ्या विद्यार्थ्यांनी घेतला. ज्याने एकवीस माणसांचे काम घालवले त्याच्या मनाच्या घालमेलीचे कौतुक आपण का करायचे? भीमाची बोटे गेली, आणि आता कागद करणाऱ्याचे दुःखही आपणच वाचायचे? ह्या प्रश्नाला मी वर्गात नीट उत्तर देऊ शकले नाही. आज एवढेच म्हणेन की ती पाने कौतुक मागत नव्हती. त्यांत क्षमायाचना नव्हती, अश्रू नव्हते. कसे मोजले, कोणती कामे एकत्र केली, मालकाने कोणता आकडा खाली आणायला सांगितला आणि ह्याने तो किती आणला, हे होते. अशा निर्णयांची भाषा कशी असते, तीत माणसाचे पद कसे होते आणि पदाचा आकडा कसा होतो, हे ज्याला आतून ठाऊक आहे त्याने ते मराठीत लिहिले नाही तर भीमाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही ते कधी कळणार नाही. 'रुक्ष' म्हणून जे मी कापले ते ह्या अर्थाने पुरावे होते.

आणि जरा स्वतःकडेही पाहावे. आम्ही प्राध्यापक इतके लिहितो. आमच्या कामाचे गद्य कुठे आहे? मे महिन्याच्या उकाड्यात उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सोडून तेच ते नवकथेवरचे उत्तर शंभराव्यांदा वाचताना हात आपोआप सहा गुण कसे देतो, घड्याळी तासांवर शिकवणाऱ्या माझ्याहून हुशार तरुण सहकाऱ्याला मानधन कधी मिळणार हे विचारायचे मी कसे टाळते, 'अनुत्तीर्ण' हा शेरा मारून मी घरी येऊन भाजी कशी चिरते, हे मी कधी लिहिले आहे का? मी 'अनुभवाची अनन्यता' ह्यावर लिहिले आहे. माझ्या हातातही घड्याळ आहे आणि मीही माणसे मोजते, ही गोष्ट लक्षात यायला मला एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याची चौसष्ट पाने लागली.

मूळ टिपणे त्याच्याकडे उरलेली नाहीत. संगणक बदलताना गेली, आणि जपून ठेवावी असे वाटले नाही, असे तो म्हणाला. माझ्या कपाटात माझी लाल रेघांची प्रत आहे. ती परत करायला मी मुलुंडला त्याच्या घरी गेले. वडील बाहेरच्या खोलीत होते, म्हणून आम्ही हवापाण्याचेच बोललो. निघताना जिन्यात त्याने प्रत माझ्याकडेच परत दिली. नावाशिवाय छापायची असेल तर हरकत नाही, तेविसावे पान मात्र वडील हयात असेपर्यंत नको, म्हणाला.

तेविसावे वगळून पाच ते बावीस ही पाने मी पुढच्या अंकासाठी टंकून ठेवली आहेत, जशीच्या तशी. संपादक मंडळातल्या एका सहकाऱ्यांनी पहिल्याच पानावर शिसपेन्सिलीने लिहिले आहे, "आशय चांगला, तांत्रिक शब्द कमी करता येतील का?" बैठक येत्या सोमवारी आहे.